हैदराबादहून वाजणारा हॉल

कुकरची शिट्टी झाली आणि उपेंद्रराव गायधनींच्या तोंडून आपोआप "आलो, आलो!" निघालं. मग त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला कुणीच हाक मारलेली नाही. घरात दुसरं माणूसच नव्हतं. कुकरशी बोलायला लागलेला माणूस पुढं कुठवर जाईल याचा काही नेम नसतो (फ्रिजही घरातच होता, आणि तो तर दिवसभर घुमत असतो). म्हणून उपेंद्ररावांनी त्याच संध्याकाळी ठरवलं, की घरात गाणं आणायचं.

घर गप्प होण्याचं कारण साधं होतं. त्यांची बायको कुसुम लेकीच्या बाळंतपणाला हैदराबादला, स्वरदा आणि जावई अथर्व यांच्या घरी, गेली होती. जाताना दीड महिना म्हणाली होती. नात झाली, बारसं झालं, आभा नाव ठेवलं, तरी कुसुमचा मुक्काम काही हलेना. नाशिक रोडच्या ज्या सरकारी कचेरीत उपेंद्रराव होते तिथून बारशापुरती रजा मिळाली, तेवढं जाऊन आले. तेव्हापासून संध्याकाळी स्वतःच्या दाराला स्वतः किल्ली लावायची पाळी. जन्मभर बेल वाजवून घरात शिरलेल्या माणसाला किल्ली लावून आत जाणं म्हणजे घरफोडी केल्यासारखं वाटतं.

कुसुमचा रोज फोन यायचा. "कसे आहात?"

"मजेत! तू अगदी निवांत ये. इथं काही अडत नाही."

(हे सांगताना ते बहुधा करपलेली कढई घासत असत.)

तर गाणं. घरात जुना ॲम्प्लिफायर होता, कपाटाएवढे दोन स्पीकर होते, पण त्यांच्यापर्यंत गाणं पोचवणारं यंत्र केव्हाच कैलासवासी झालं होतं. उपेंद्ररावांनी आल्हादला विचारलं. आल्हाद हा त्यांचा कॉलेजपासूनचा मित्र. गंगापूर रोडला राहतो आणि गाण्यापेक्षा आवाज जास्त ऐकतो. त्याच्या गाणं ऐकायच्या खोलीत भिंतींना गाद्या लावलेल्या आहेत. बायको तिथं जात नाही, कारण आत गेलं की माहेरच्यांची आठवण काढून रडावंसं वाटतं, असं तिचं म्हणणं.

"उप्या, तुला स्ट्रीमर पाहिजे," आल्हाद म्हणाला. "इंटरनेटवरून गाणं घेतो आणि ॲम्प्लिफायरला देतो. छोटासा डबा."

"परवडणारा सांग."

आल्हादनं सांगितला. तो उपेंद्ररावांच्या स्कूटरपेक्षा महाग होता.

"आल्हाद, परवडणारा म्हणजे मला. तुला नव्हे."

"स्वस्तात जाऊ नकोस रे. फरक कळतो. हे ऐक." आल्हादनं त्यांना गादीच्या भिंतीसमोर बसवून एक सतार ऐकवली. मग यंत्रापाशी वाकून काहीतरी खुडबुड केली. "आणि आता हा महागातला."

उपेंद्ररावांनी डोळे मिटले. "वा! एकदम मोकळा झाला रे आवाज. तारांची जवारी कशी स्पष्ट आली!"

"अजून बदलला नाही. वायर सापडत नाहीये," आल्हाद म्हणाला.

त्या दिवशी उपेंद्ररावांना दोन गोष्टी कळल्या. आपले कान साधे आहेत आणि साध्या कानांना साधा स्ट्रीमर पुरतो. तरीही निवड सोपी नव्हती. ते रोज रात्रीचं जेवण पुढ्यात घेऊन मोबाइलवर परीक्षणं वाचत. एकाचं ॲप चांगलं तर आवाज बारीक, दुसऱ्याचा आवाज गोड तर वायफाय सारखं तुटणार. एकानं लिहिलं होतं, 'या डब्याला आत्मा नाही.' त्याखालीच दुसऱ्यानं लिहिलं होतं, 'आत्मा आहे, पण अपडेट करावा लागतो.' लग्नाच्या वेळी उपेंद्ररावांनी कुसुमला एकदाच, तेही पोह्यांच्या बशीआडून पाहिलं होतं. त्या मानानं हे स्थळ फारच लांबलं. शेवटी कॅनडा कॉर्नरच्या एका दुकानातून त्यांनी साबणाच्या वडीएवढा, सगळ्यात स्वस्त डबा आणला.

डबा लागला, पण गाणी पुरवणाऱ्या ॲपचे वेगळे पैसे भरायचे असतात हे कळल्यावर त्यांनी लेकीला फोन केला.

"बाबा, माझंच अकाउंट वापर की," स्वरदा म्हणाली आणि तिनं पासवर्ड पाठवला.

डब्यानं नाव विचारलं. उपेंद्ररावांनी 'हॉल' असं टाकलं. सकाळी कचेरीत जाण्यापूर्वी त्यांनी भैरव ऐकला, डोळ्यांत पाणी आलं (त्यातलं थोडं कांद्याचं होतं), आणि समाधानानं डबा शेजारच्या झोडगे काकूंनी विणून दिलेल्या क्रोशाच्या रुमालाखाली झाकून ते कामावर गेले.

संध्याकाळी चहा ठेवला होता. हॉलमध्ये अचानक एक बाई अंगाई म्हणायला लागली.

उपेंद्ररावांनी हातातला मोबाइल बघितला. काही लावलेलं नव्हतं. ते हॉलमध्ये आले तेवढ्यात अंगाई मोठी झाली. मग आणखी मोठी झाली. मग 'नीज रे' हे दोन शब्द असे काही दणाणले, की शोकेसमधल्या बाहुल्या नाचायला लागल्या. उपेंद्रराव रुमाल उचलून डब्याला म्हणाले, "अहो, पुरे!" (डब्याला ते का कोण जाणे, अहो-जाहो करायचे.) बटण सापडेना. तेवढ्यात बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरचा राकेश.

"काका, घरात बाळ आलंय का?"

"नाही हो."

"मग एवढ्या जोरात झोपवताय कुणाला?"

दुसऱ्या संध्याकाळी अंगाईनंतर गझल लागली. तिसऱ्या संध्याकाळी चक्क लावणी, ढोलकीसकट. राकेश आता दारात नुसता उभा राहायचा, बोलत नसे. आल्हाद येऊन डबा पाहून गेला. "अर्थिंग," तो म्हणाला. "आणि मी सांगितलं होतं, स्वस्त वस्तूंना स्वतःची मतं असतात." त्यानं डब्याखाली रबरी पाय बसवले. त्या संध्याकाळी लावणी दोनदा वाजली.

उलगडा फोनवर झाला.

"अहो, बाळ संध्याकाळी फार किरकिरतं," कुसुम सांगत होती. "अथर्वची त्याच वेळी अमेरिकेशी मीटिंग. स्वरदा दमून आडवी होते. मग मीच आत घेऊन बसते हिला. इथं बेडरूममध्ये तो गोल स्पीकर आहे ना, त्यावर टॅबमधून गाणं लावायचं. पण मेला आवाजच येत नाही! अथर्व म्हणतो, आई, चालतोय की. त्यानं लावला की चालतो, मी लावला की मुका. एक नाही तर दुसरं गाणं लावून बघते. टॅबवर आवाज वाढवला, त्या स्पीकरचं बटण शेवटपर्यंत पिळलं. थांबा, तुम्हालाच ऐकवते, म्हणजे खोटं वाटायला नको. हे बघा, लावलं. येतंय काही ऐकू?"

उपेंद्ररावांच्या हॉलमध्ये सनई-चौघडा सुरू झाला होता.

सगळा प्रकार एकदम त्यांच्या डोक्यात शिरला. अकाउंट एकच. सकाळी आपण हॉलमध्ये भैरव लावतो, ॲप तेच ठिकाण ध्यानात ठेवतं, आणि कुसुम हैदराबादेत बोट टेकवते तेव्हा गाणं नाशिक रोडला उतरतं. तिकडं आवाज नाही म्हणून ती वाढवते आणि इकडं बाहुल्या नाचतात.

"येतंय का?" कुसुमनं विचारलं.

आता सरळ माणूस म्हणाला असता, अगं, ते इकडं वाजतंय. उपेंद्ररावांनी फोन स्वयंपाकघरात नेला, दाराची कडी नीट लावून घेतली आणि म्हणाले, "नाही बुवा."

का म्हणाले, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पण त्या दिवसापासून ते कचेरीतून थेट घरी यायला लागले. चहा घेऊन हॉलमध्ये बसायचे. ठरल्या वेळी गाणं यायचं. बाईसाहेब आता मांडीवर बाळ घेऊन बसल्या असतील. आता चष्मा कपाळावर सरकवून टॅबवर शोधत असतील. हे नाही वाजलं, मग ते. तिला कुठली गाणी सुचतात हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. या घरात नेहमी उपेंद्ररावांचे राग वाजले. कुसुमनं कधी काही मागितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. तिला गझल आवडते? आणि लावणी? बिछान्याच्या त्या कडेला एवढी वर्षं ढोलकी झोपलेली होती आणि आपल्याला पत्ता नाही! मग कुसुम कंटाळून टॅब तसाच ठेवून देई, आणि गाणी आपली एकामागून एक वाजत राहत. ती संपेपर्यंत उपेंद्रराव दिवा लावायला उठत नसत. रोज सकाळी मात्र न चुकता भैरव लावायचे, म्हणजे संध्याकाळ चुकून हैदराबादेत जायला नको. (नातीच्या झोपेवर असा डल्ला मारणारा आजोबा दुसरा नसेल.)

पण ऐकून ऐकून माणसाला बोलावंसं वाटतं. एकदा त्यांनी स्वतःच्या मोबाइलवर ठिकाणांची यादी उघडली. 'हॉल' होतं. खाली 'बेडरूम' होतं. म्हणजे इकडून तिकडंही जाता येत होतं! तोंडानं 'ये' म्हणणं काही जमत नव्हतं, रोज 'मजेत'च बाहेर पडायचं. त्यांनी एक विरहाची ठुमरी निवडली. साजण परदेशी, रात्र सरेना, असं सगळं तिच्यात होतं. उगीच गैरसमज नको म्हणून सर्वांत आर्त अशी गायिका घेतली. 'बेडरूम'वर बोट ठेवलं आणि फोनची वाट पाहत बसले.

फोन आला. स्वरदाचा.

"बाबा, आत्ता बोलू नकोस! आमच्याकडे हॅकिंग झालंय!" मागं आभा बेंबीच्या देठापासून रडत होती. "आईनं तासभर थोपटून जरा कुठं झोपवली होती तिला. स्पीकर मेलाय म्हणून आईनं बटण फुल्ल करून ठेवलं होतं. एकदम कुणी बाई किंचाळलीच घरात! आईच्या हातातली वाटी उडाली. अथर्वच्या मीटिंगमध्ये ते सगळं गेलं. तो अमेरिकेतला साहेब राष्ट्रगीत समजून उभा राहिला!"

"अरे बापरे," उपेंद्रराव म्हणाले. हे मात्र अगदी मनापासून.

"अथर्वनं पासवर्ड बदललाय. सगळीकडून लॉगआउट केलं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हॉलमध्ये काहीच वाजलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. डब्यावरचा दिवा लाल होऊन नुसता मिचकावत होता. राकेश येऊन विचारून गेला, "काका, तब्येत बरी आहे ना?" उपेंद्ररावांनी चहा केला, तो निवला, तसाच ओतून टाकला आणि फोन उचलला.

"कुसुम, तो हॅकर मी होतो."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. अंगाई, लावणी, बाहुल्या, भैरव. फोन तिकडं स्पीकरवर होता हे त्यांना मध्येच अथर्वच्या खोकल्यावरून कळलं, पण आता गाडी उताराला लागली होती. "ती ठुमरी तुझ्यासाठी होती," ते म्हणाले.



"अहो," कुसुम म्हणाली, "बारशानंतर मी परतीचं तिकीट काढलं होतं. तुम्ही म्हणालात मजेत आहे, काही अडत नाही. मग रद्द केलं. म्हटलं, नसेल अडत. ठुमरीतल्या बाईला एवढं रडवण्यापेक्षा 'ये' म्हणाला असतात तर?"

"मग... ये."

"आता कशी येऊ? सोमवारपासून स्वरदाचं ऑफिस सुरू. तुम्ही या."

उपेंद्ररावांनी साहेबांपुढं जाऊन, पूर्वी कधी मागितली नव्हती एवढी रजा मागितली. कचेरीतल्या गोटीरामनं पिंपळगावहून द्राक्षांची पेटी आणून दिली. ती मांडीवर धरून ते हैदराबादला पोचले तेव्हा संध्याकाळ झाली होती. दार कुसुमनंच उघडलं. गाडीत पाठ केलेलं एक वाक्य होतं, ते बोलायला त्यांनी तोंड उघडलं तोच ती म्हणाली, "शूऽऽ! आत्ता डोळा लागतोय तिचा." आणि त्यांची बाही धरून आत घेऊन गेली.

बेडरूममध्ये अंधार होता. कुसुम पलंगावर बसली, बाळ मांडीवर घेतलं आणि अगदी हळू गायला लागली. टॅब नाही, स्पीकर नाही. उपेंद्रराव तिच्या शेजारी भिंतीला टेकून बसले. खांद्याला खांदा लागला. तिनं तो काढून घेतला नाही. इतक्या जवळून, वायरशिवाय, असा आवाज त्यांनी आल्हादच्या गादीच्या खोलीतही ऐकला नव्हता. महिनोन् महिन्यांचं काहीतरी त्यांच्या छातीत सैल झालं. त्यांनी डोळे मिटले.

पाचव्या मिनिटाला आभा किंचाळत उठली. शेजारच्या खोलीतून अथर्व हेडफोन गळ्यात तसाच घेऊन धावत आला. "आई, पुन्हा? पासवर्ड तर बदललाय मी! आणि हा काय घरघर आवाज येतोय? कुठल्या स्पीकरमधून?"

कुसुमनं बाळाला खांद्यावर घेतलं आणि तोंड उघडं टाकून भिंतीला टेकलेल्या, गाढ झोपलेल्या उपेंद्ररावांकडे बोट दाखवलं.

"ह्याला पासवर्ड नसतो रे," ती म्हणाली. "मी तीस वर्षं शोधतेय."