पहिला धडा, सातव्यांदा

लेकीचं लग्न शनिवारी, आणि छावणीच्या एकुलत्या एका ट्रकचं इंजिन ताडपत्रीवर सुटं पडलेलं. सार्जंट फेलेटीचं डोकं मंगळवारपासूनच तापलं होतं. त्यात बायको.

"अहो सार्जंट," लुपे म्हणाली, "आहेराची पंधरा डुकरं अन् चटयांचे भारे व्याह्यांकडे न्यायचेत. भिंतीवर सहा प्रमाणपत्रं टांगलीत, त्यांच्यावर बसवून नेणार का?"

प्रमाणपत्रं सहा, पण धडा एकच. टोंगा बेटांवरच्या जवानांना इंजिनदुरुस्ती शिकवायला ऑस्ट्रेलियाहून राखीव सैनिकांची तुकडी यायची. एरवी कोणी शाळामास्तर, कोणी न्हावी. नोकरीतून रजा मिळायची दोनच आठवडे. तेवढ्यात पहिला धडा व्हायचा, इंजिन खोलणे. जोडणी दुसऱ्या धड्यात, आणि त्याआधीच मंडळी विमानात. पुढची तुकडी नवी, तिचा श्रीगणेशा पुन्हा पहिल्यापासून. मध्ये गावातला म्हातारा मेकॅनिक येऊन इंजिन जोडून जायचा. तो यंदा मुलाकडे न्यूझीलंडला जाऊन बसला होता.

"साहेब, मी जोडतो," फेलेटी कॅप्टनला म्हणाला.

"दुसरा धडा झालाय का तुझा? नाही ना? मग हात लावायचा नाही."

"पाच वेळा म्हाताऱ्याच्या शेजारी बसून पाने दिलेत मी. दुसरा धडा म्हणजे आणखी काय आभाळातून पडणार आहे?"

कॅप्टनने नियमाच्या कागदावर बोट ठेवलं. फेलेटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खोलायला साऱ्या जगाला परवानगी, आणि जोडायला घरच्या माणसाला बंदी! शुक्रवारी कॅप्टन जेवायला गेला आणि याने बाह्या सरसावल्या. चार वाजता ट्रक धडधडायला लागला.

नेमकी तेव्हाच सातवी तुकडी फाटकातून आत आली. तिचा म्होरक्या वॉरन, एरवी पाव भाजणारा, इंजिनाचा आवाज ऐकून खूश झाला.

"वा, जोडलेलं आहे! सोमवारी खोलू."

"खबरदार," फेलेटी किल्ली खिशात टाकत म्हणाला. "आधी दुसरा धडा शिकवा."

वॉरन मान खाजवायला लागला. "तो आम्हाला तरी कुठे येतो? आमच्याही शिबिराचे दोन आठवडे खोलण्यातच संपले." मग त्याने हळूच वही काढली. "हे जोडलं कोणी? तुम्ही? आम्हाला शिकवाल?"

फेलेटीने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. इतक्या दिवसांचा राग होता, तो त्याने सावकाश गिळला.

"उद्या सकाळी डुकरं चढवायला सगळे या," तो म्हणाला. "शिकवीन. पण सांगून ठेवतो, दोन आठवड्यांत नाही जमायचं."