पोटरी बोलते

आमच्या वॉर्डातले डोंगरे काकाजी माणसाचं तोंड नंतर पाहतात, आधी पोटऱ्या पाहतात. तुम्ही समोरून या, हात जोडून 'जय भीम काकाजी' म्हणा, काकाजींची मान खाली. नवख्या माणसाला वाटतं, काय नम्र म्हातारा आहे! अहो, कसली नम्रता? तेवढ्या वेळात त्यांनी तुमच्या पोटऱ्या जोखलेल्या असतात. मग मान वर करून म्हणतील, "जय भीम. काय बावा, गाडी सोडून पायी चालत जा थोडा. पाय पार वाळून गेले तुये." आम्ही साडीवाल्या बायका तेवढ्या यातून सुटलो.

"पोटरी बोलते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "तोंड खोटं बोलन, पोटरी नाई बोलत."

माझ्या नणंदेच्या मुलीला पाहायला किरनापूरहून पाहुणे आले होते. मुलाचं दुकान, स्वतःचं घर, स्वभाव गरीब. वडीलधारे म्हणून काकाजींना बोलावलेलं. सगळ्यांनी विचारायचं ते विचारून घेतलं, पोहे झाले, चहा झाला, आणि काकाजी म्हणाले, "जरा पँट वर कर बरं बावा." मुलानं बिचाऱ्यानं आईकडं पाहिलं, बापाकडं पाहिलं आणि गुडघ्यापर्यंत पँट गुंडाळली. काकाजींनी चष्मा पुसून पाहिलं. "पोरगा चांगला हाय," त्यांनी निकाल दिला, "पण धक्का लागला की पडन." लग्न झालं, संसार मजेत चाललाय. जावईबापू मात्र अजून आमच्याकडं यायचे म्हणजे भर उन्हाळ्यातही मोजे चढवून येतात.

इतकंच काय, वॉर्डात कोणी गेलं तर खांदेकरीसुद्धा तेच निवडतात. "तू समोर हो, तू माग हो. तू बाजूले सरक रे, तुयी पोटरी नाई." रडणाऱ्या बायकांनाही पदर तोंडावर घेऊन हसू दाबावं लागतं.

काकाजी आधी उकव्याला मँगनीजच्या खाणीत नोकरीला होते. चारी बाजूंनी जंगल, ड्यूटी संपली की करमणूक म्हणजे फुटबॉल. तिथल्या टीममध्ये ते फुलबॅक खेळायचे. नोकरी संपल्यावर बालाघाटला येऊन घर बांधलं. मग काकू गेल्या. आणि मग एके दिवशी त्यांनी वॉर्डातल्या पोट्ट्या गोळा करून फुटबॉलची टीमच उभी केली. पोट्ट्या म्हणजे मुली, आमच्याकडं लाडानंही असंच म्हणतात आणि रागानंही.

माझं शिलाईचं दुकान त्यांच्या घराला लागून. टीमच्या जर्स्या मी शिवते. आणि माझी कोमल त्या टीममध्ये होती. तिचे बाबा ती लहान असतानाच गेले, घरात आम्ही दोघीच. आता आई म्हणून बोलत नाही, पण पोरीच्या पायात काहीतरी होतं. बॉल तिच्या पायाजवळ आला की पाळलेल्या मांजरासारखा तिथंच घोटाळायचा. तिला हाफ खेळायचं होतं. हाफ म्हणजे मैदानाच्या मधोमध खेळणारी; पुढच्यांना बॉल पुरवायचा आणि समोरच्यांचा अडवायचा. सगळा खेळ तिच्यावरून जातो.

काकाजी हाफ निवडत कसे, तर वैनगंगेत. दिवाळीनंतर पाणी उतरलं की सगळ्या पोट्ट्यांना नदीवर नेऊन गुडघाभर धारेत उभं करायचं. बऱ्याच वेळानं काठावरून शिटी वाजवायची. जी शेवटपर्यंत हलली नाही, ती हाफ. दरवर्षी दुर्गा जिंकायची. दुर्गाच्या घरी म्हशी, दुधाच्या भरल्या कॅना ती लहानपणापासून उचलते. ती धारेत उभी राहिली की वाटायचं नदीच बाजूनं वाट काढून राहिली. माझी कोमल शिटी वाजायच्या आतच पाण्यात बसलेली असायची, वर खिदळत.

"नावच कोमल ठेवलं तुनं," काकाजी मला म्हणायचे. "मंग कसं होईन? हाफ म्हंजे घराची मयाल वो. सगळं छप्पर तिच्यावर. मयाल दमदार पायजे का नाजूक पायजे?"

मी काय ऐकून घेणारी आहे होय? मी म्हटलं, "काकाजी, तीस वार कपडा कापायला ताकद नाही लागत, हात लागतो. जोरानं कात्री चालवली की कपडा वाया."

"तुया कपडा उठून तुले लाथ मारते का?"

पण मी सोडलं नाही. रोज या ना त्या निमित्तानं आमची जुंपायची. मी म्हणायची, अक्कल पायात हवी. ते म्हणायचे, आधी पाय तं पायात राह्यले पायजे. मी म्हणायची, बॉल द्यायचा कोणाला हे दिसायला नजर लागते. ते म्हणायचे, लोळून पडल्यावर आभाळच दिसते. गिऱ्हाइकं ब्लाउजचं माप द्यायचं विसरून ऐकत बसायची.

मग एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आणि मला चैन पडेना. कोमल सकाळी मागच्या अंगणात एकटी बॉल खेळवायची. डाव्या पायावरून उजव्यावर, गुडघ्यावर, भिंतीवर, परत पायावर. आणि भिंतीपलीकडं काकाजी दातण तोंडात धरून उभे. रोज! दातण चावायचंही भान नाही. एकदा तिच्याकडून बॉल सुटला तर त्यांच्याच तोंडून "अरारारा" निघालं, आणि मी पाहिलं तसे पेरूच्या झाडाकडं पाहायला लागले. पेरूला तेव्हा साधा फुलोराही नव्हता.

मला कोडंच पडलं. ज्या माणसाला पोटरीशिवाय काही दिसत नाही, तो हे काय पाहून राहिला? आणि इतकं आवडतं तर पोरीला घेत काहून नाही?

वारासिवनीच्या टीमसोबत सामना ठरला तेव्हा मी दुकानातच त्यांना धरलं. जर्सीवर नंबर लावत होते. म्हटलं, "काकाजी, खरं सांगा. तुम्हाला कोमलचा खेळ आवडत नाही?"

"आवडते ना."

"मग तिची पोटरी आड येते?"

काकाजी स्टुलावर बसले.

"पोटरी तं खाऊन-पिऊन येते वो. तिले खेळवलं तं तुया हाती नाई राह्यनार ते." मग हळूहळू बोलले. "माया पोरगा प्रमोद असाच होता. अशीच पोटरी नाई, अन् असाच पाय. मीच त्याले हाफ खेळवलं. बाहेरचे लोक आले पाह्याले, खेळाच्या होस्टेलले घेऊन गेले. मी बँड लावला होता वो, बँड! मंग तिकडंच नोकरी, तिकडंच बायको, तिकडंच घर. आता फोनवर म्हन्ते, पापा टाइम नहीं मिलता. मराठी बी सोडली त्यानं. ज्याच्या पायात कला असते, त्याले लोक घेऊन जाते. पोटरीवाले राह्यते. दुर्गा राहीन. टीम कोनाले पायजे होती? मले तं घरासमोर गलका पायजे होता."

इतकी वर्षं मी काकाजींशी भांडले, आणि हा म्हातारा पोटऱ्या पाहून मागं राहणारी माणसं निवडत होता!

"सामना पाह्याले जबलपूरकडची एक मॅडम येऊन राह्यली," ते म्हणाले. "होस्टेलवाली. म्हनून तुलेच विचारतो. घरात तुमी दोघी. तू सांग, खेळवू?"

एरवी माझ्या तोंडात लाह्या फुटतात. त्या दिवशी मी तशीच नंबर शिवत सुटले. ती गेली तर मी कोणासाठी सकाळी उठू, हे आधी मनात आलं, खोटं कशाला सांगू? मग सकाळचं तिचं तोंड आठवलं, बॉल पायावर असतानाचं.

"खेळवा," मी म्हटलं. नंबर उलटा लागला होता, तो उसवायला घेतला.

काकाजींनी कोमलला हाफ केलं आणि दुर्गाला डावीकडं पुढं टाकलं. दुर्गा रुसेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "हौ काकाजी. पन तिले कोनी ढकललं तं मले आवाज देजा."

सामन्याच्या दिवशी काकाजींनी एकच मंत्र दिला होता. वारासिवनीच्या पोट्ट्या उंच. बॉल हवेत गेला की त्यांच्या डोक्याला लागून परत येणार. म्हणून बॉल जमिनीवरून द्यायचा. दोन्ही टीमचा गोल नाही, वेळ संपत आली, बॉल कोमलच्या पायात, आणि काकाजी रेषेवरून बेंबीच्या देठापासून ओरडले, "खाली टाक वं! खाली! खाली!"

आता पाहा. काकाजींचं खाली मराठी. खाली म्हणजे जमिनीवरून. पण माझी पोरगी हिंदी शाळेत शिकलेली, मैत्रिणींत दिवसभर हिंदी. तिच्या कानाला ते हिंदी खाली ऐकू गेलं, म्हणजे रिकामं. तिनं मान वर केली, सगळं मैदान पाहिलं, आणि डावीकडच्या कोपऱ्यात, जिथं ना आपलं कोणी ना त्यांचं कोणी, तिथं उंच बॉल टाकून दिला.

काकाजींनी कपाळाला हात लावला. "मेली! कोनाले देल्ला वो हा?"

तेवढ्यात दुर्गा सुटली. कॅना उचललेल्या त्या पोटऱ्या! दावं तोडून म्हैस निघावी तशी निघाली, वारासिवनीच्या दोघींना मागं टाकून बॉलजवळ पोहोचली, आणि गोल. मी हातातली पाण्याची बाटली कोणाच्या तरी डोक्यावर उलटी केली, कोणाच्या ते अजून कळलं नाही.

खेळ संपल्यावर मॅडम काकाजींकडं आल्या. "अंकल, खाली जगह में खेलना आपने सिखाया इन लड़कियों को?"

"और क्या!" काकाजी छाती फुगवून म्हणाले. मॅडमनी कोमलचं नाव विचारलं, वय विचारलं, मला बाजूला घेऊन होस्टेलचं सांगितलं. मी हो म्हटलं. परत येताना काकाजी माझ्या बाजूनं चालत होते.

"मी तं जमिनीवरून म्हनत होतो वो," ते म्हणाले. "मीच ओरडलो, अन् मीच पाठवली तिले." आणि मग हसू लागले. हसता हसता त्यांनी दुपट्ट्यानं डोळे पुसले, म्हणाले धूळ गेली.

कोमल गेली त्या दिवशी बसस्टँडवर सगळी टीम आली होती. दुर्गानं तिची पेटी एका हातानं बसवर फेकली. काकाजी आले नाहीत. "मले ग्राउंडवर काम हाय," म्हणाले. मला रागच आला. म्हटलं, इतकी माया दाखवली आणि ऐन वेळी म्हातारा तोंड लपवून बसला. बस वळणावर दिसेनाशी झाली आणि मी दुकान न उघडताच घरी आले. काय केलं दिवसभर, मला सांगता येणार नाही. दिवेलागणीला सवयीनं चूल पेटवली, सवयीनं तांदूळ धुतले.

पातेलं उतरवत होते तर दारात काकाजी. हातात स्वतःची जर्मनची थाळी.

"भात जास्त झाला असन ना आज?" ते म्हणाले.

मी झाकण काढून पाहिलं. दोघींचा भात रांधला होता.

"होते," ते म्हणाले. "हात आयकत नाई. प्रमोद गेला तवा तुयी काकू महिनाभर असाच रांधे. मी खेकसलो तिच्यावर, अन्न काहून वाया घालवते म्हनून. जवळ बसून दोन घास जास्त खाल्ले असते तं मायं काय गेलं असतं?" ते खाली मांडी घालून बसले आणि थाळी पुढं सरकवली. "वाढ. उरू नोको देऊ."

मी वाढलं. त्यांनी पुन्हा मागितला, पुन्हा वाढला. मी रडत होते, ते पाहत नसल्यासारखं करून वरण कालवत होते. काकाजींना साखरेचा आजार, डॉक्टरनं भात बंद केलाय, हे वॉर्डात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांनी पातेलं खरवडून खाल्लं.