आंटी अराबा बुडत नाही

सोमवारी सकाळी आंटी अराबाने मासळीच्या भट्ट्यांच्या रांगेत उभं राहून जाहीर केलं, की येत्या शनिवारी आपला बाप्तिस्मा आहे आणि आपल्याला पाण्यात बुडवणार आहे तो एल्डर मोथिबी. रांगेतल्या बायकांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग एल्डर मोथिबीकडे पाहिलं, आणि मग आपापल्या भट्टीच्या धुरात तोंड लपवून मनसोक्त हसून घेतलं.

हसण्यासारखंच होतं. आंटी अराबा म्हणजे एसाक्रोमच्या किनाऱ्यावर मासे धुरावर सुकवणाऱ्या चाळीस बायकांची प्रमुख. ती चालायला लागली की होडीवाले पुरुषसुद्धा बाजूला होऊन वाट देत. एल्डर मोथिबी वीस वर्षांचा. मॉर्मन चर्चने दोन वर्षांच्या धर्मप्रचारासाठी त्याला बोट्स्वानाहून थेट घानाच्या किनाऱ्यावर धाडलं होतं आणि ‘एल्डर’, म्हणजे वडीलधारा, ही पदवी काळ्या पट्टीवर कोरून त्याच्या छातीवर लावून दिली होती. पांढरा शर्ट त्याने घातलाय की नुसता अंगावर वाळत टाकलाय, हे लांबून कळत नसे.

प्रचारकांनी जोडीनेच राहायचं, जोडीनेच फिरायचं, असा नियम. त्याचा जोडीदार एल्डर इबेक्वे नायजेरियाचा, चांगला रुंद खांद्यांचा. त्याने पुढे होऊन सुचवून पाहिलं, की हे काम आपल्याला जास्त झेपेल.

"तू वाऱ्याची बाजू बघून बसतोस," आंटी अराबा त्याला म्हणाली. "हा पोरगा मला शिकवायला चार महिने माझ्यासमोर धुरात बसला. डोळ्यांतून धारा लागल्या, पण जागा नाही सोडली. बुडवायचं तर त्यानेच."

जागा बदलली तर आंटीला राग येईल या भीतीने आपण हललो नाही, हे सांगायची ती वेळ नव्हती. मोथिबीने मान डोलावली.

पण खरी अडचण वेगळीच होती. मोथिबी कालाहारीच्या कडेला वाढलेला. त्याच्या गावात आभाळात ढग दिसला तर लोक परगावच्या नातेवाइकांना फोन करून कळवत. समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो अर्धा तास नुसता बघत उभा होता, आणि एवढं सगळं पाणी कशात मावलंय हे त्याला अजूनही समजलेलं नव्हतं. प्रचारकांनी पोहायचं नाही, असा चर्चचा नियम आहे. तो वाचून बाकीची पोरं हळहळली होती. मोथिबीने देवाचे आभार मानले होते. गुडघ्याच्या वर पाणी आलं की तो काठाकडे पळ काढी. आजवर त्याने दोन बाप्तिस्मे केले होते, पण ती आठ-नऊ वर्षांची मुलं होती आणि पाणीही बेताचंच होतं.

मंगळवारी खोलीतली खाट सरकवून दोघांनी तालीम केली. इबेक्वे आंटी अराबा झाला. मोथिबीने डाव्या हाताने त्याचं मनगट धरलं, उजवा हात वर करून प्रार्थना म्हटली आणि पाठीला आधार देत त्याला मागे झुकवलं. इबेक्वे फरशीवर आपटला.

"मी ऐंशी किलोचा आहे," तो पडल्या पडल्या म्हणाला. "आंटी अराबा माझ्यासारखी दोन आहे."

"पाण्यात माणूस हलका होतो."

"कोणी सांगितलं?"

"शाळेच्या पुस्तकात होतं."

"त्या पुस्तकवाल्याने आंटी अराबाला पाहिलेलं नाही," इबेक्वे म्हणाला, आणि तालीम तिथेच संपली.

चॅपलच्या मागे फरशीचं कुंड होतं. ते भरायचा दिवस बुधवार, कारण गावात नळाला पाणी बुधवारीच येई. या बुधवारी ते तासभर आलं आणि गेलं. कुंडात पाणी घोट्यापर्यंत. मोथिबीला मनातल्या मनात बरं वाटलं आणि लगेच त्या बरं वाटण्याची लाजही वाटली. तो रांगेत गेला आणि म्हणाला, बाप्तिस्मा पुढच्या आठवड्यावर ढकलावा लागेल. आंटी अराबाने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने मागे वळून बायकांना दोन शब्द सांगितले.

गुरुवारी पहाटे मोथिबीने जे पाहिलं ते तो जन्मभर विसरणार नव्हता. टेकडीखालच्या विहिरीपासून चॅपलपर्यंत बायकांची रांग लागली होती. चाळीस बायका, चाळीस घमेली, प्रत्येकीच्या डोक्यावर काठोकाठ पाणी आणि एक थेंब हिंदकळत नव्हता. यातल्या एकीलाही त्याच्या चर्चशी देणंघेणं नव्हतं. कोणी मेथडिस्ट, कोणी कॅथलिक, दोघी मुसलमान. त्या येत, घमेलं रिकामं करत, त्याच्याकडे पाहून गालातल्या गालात हसत आणि परत विहिरीकडे जात. दुपारपर्यंत कुंड कमरेच्या वर भरलं. त्याच्या देशात एवढ्या पाण्यासाठी लोकांनी सामुदायिक उपास केले असते. तो काठावर बसून त्या पाण्याकडे पाहत राहिला आणि त्याला भरून आलं.

शुक्रवारी नवी भानगड निघाली. बाप्तिस्म्याला पांढरे कपडे लागतात. चर्चच्या कपाटातला सगळ्यात मोठा झगा आंटी अराबाच्या एका बाहीतच संपला. तेव्हा तिने स्वतःच कापड आणून झगा शिवून घेतला. रांगेची प्रमुख चार लोकांत तोकड्या कपड्यात दिसणं बरं नाही, म्हणून शिंप्याला कापडाची कंजुषी करू नकोस अशी ताकीद दिली. शिंप्याने ती मनावर घेतली. त्या झग्याखाली कोंबड्यांचं खुराडं सहज मावलं असतं.

शनिवारी दहा वाजता सगळी रांग कुंडाभोवती जमली. पाणी आपण वाहिलंय, तेव्हा ते कसं वापरलं जातं हे बघायचा आपला हक्क आहे, असं सगळ्यांचं म्हणणं. साक्षीदार दोन: चर्चचे जुने सभासद ब्रदर ओटू आणि त्यांची बायको. नियम असा, की माणूस एकाच वेळी पूर्ण पाण्याखाली गेला पाहिजे. केसाची बट, पायाचा अंगठा, झग्याचं टोक, काहीही वर राहिलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. प्रार्थनेतला शब्द चुकला तरी तेच. ब्रदर ओटू तीस वर्षं जिल्हा फुटबॉलमध्ये रेषेवरचे पंच होते. खेळ सुटला होता, पण हात वर करायची सवय सुटली नव्हती.

मोथिबी पाण्यात उतरला तेव्हा त्याचे दात वाजत होते. पाणी थंड असेल, असं काठावरच्या बायकांना वाटलं. मग आंटी अराबा उतरली आणि कुंडातलं पाणी सगळ्या बाजूंनी वर आलं. मोथिबीच्या ते छातीपर्यंत पोचलं.

पहिल्या खेपेला तो घाबरून प्रार्थनेतला तिसरा शब्दच विसरला. दुसऱ्या खेपेला शब्द बरोबर आले, आंटी मागे झुकली, आणि तिचा डावा अंगठा पाण्यावर आला. ब्रदर ओटूंचा हात वर. तिसऱ्या खेपेला झग्यात हवा भरली आणि झगा तंबूसारखा वर येऊन तरंगायला लागला. पुन्हा हात वर. दर खेपेला पाचसहा घमेली पाणी कुंडाबाहेर सांडत होतं आणि पुढे उभ्या असलेल्या बायकांच्या पायांवरून वाहत जात होतं. आपण डोक्यावरून आणलेलं पाणी असं वाया जाताना पाहून त्यांच्यात चुळबुळ सुरू झाली.

मग एकीला उपाय सुचला. ती पळत किनाऱ्यावर गेली आणि जाळ्याला लावतात ती शिशाची वजनं घेऊन आली. चौघींनी मिळून ती झग्याच्या घेराला बांधली. चौथ्या खेपेला झगा खाली बसला, पाय खाली बसले आणि आंटी अराबाचं डोकं जाळ्याच्या तरंगत्या बोयासारखं ताठ वर आलं. पाचव्या खेपेलाही तेच. मोथिबी दोन्ही हातांनी जोर लावत होता, पण डोकं काही खाली जाईना. गाल फुगलेले, डोळे घट्ट मिटलेले.

"पूर्ण नाही," ब्रदर ओटू म्हणाले. त्यांच्या बायकोनेही तेच सांगितलं. चाळीस वर्षांच्या संसारात त्या दोघांचं एकमत झालेलं लोक पहिल्यांदाच पाहत होते.

रांगेतली सगळ्यात म्हातारी एफुआ काठीवर रेलून उभी होती. "पाणी नको म्हणतंय तिला," ती पुटपुटली. हसणाऱ्या बायका एकदम गप्प झाल्या. या किनाऱ्यावर असं बोलणं कोणी हसण्यावारी नेत नाही. आंटी अराबाने ते ऐकलं आणि तिचा चेहरा पडला. मोथिबीने तिला चार महिन्यांत कोणासमोर मान खाली घालताना पाहिलं नव्हतं. आता ती मान खाली घालून आपल्या बोटांकडे बघत होती.

"आंटी, श्वास एवढा कोंडू नका," तो हळूच म्हणाला. "हवा भरली की माणूस वर येतो."

"माहीत आहे मला," ती तितक्याच हळू म्हणाली. "सात वर्षांची होते, तेव्हा आमची होडी उलटली. बाप म्हणाला, श्वास भरून घे, धरून ठेव, मी येईपर्यंत सोडू नकोस. मी धरला. संध्याकाळी दुसऱ्या होडीने मला उचललं. बाप नाही आला." ती थांबली. "आता सोड, असं सांगायला कोणी आलंच नाही, पोरा. त्या दिवसापासून माझं डोकं पाण्याखाली गेलेलं नाही. बादलीने अंघोळ करते मी."

आपण एवढ्या मोठ्या गोष्टीच्या इतक्या जवळ उभे आहोत आणि आपल्याला पोहतासुद्धा येत नाही, एवढंच मोथिबीच्या मनात आलं, आणि तेच तो बोलून गेला.

"काय येत नाही?" आंटी अराबा म्हणाली.

"पोहायला. पाण्याची भीती वाटते मला. आत्ताही वाटतेय."

आंटी अराबाने त्याला खालपासून वरपर्यंत पाहून घेतलं. "आणि मी तुझ्या भरवशावर आत उतरले."

"हो, आंटी."

ती हसली. पोट धरून, पाणी हलवत हसली. काठावरच्यांना काही कळेना. मोथिबीने मागे वळून काठावर उभ्या असलेल्या चर्चच्या शाखाध्यक्षांना विचारलं, मागे झुकण्याऐवजी गुडघ्यांवर बसलं तर चालेल का. त्यांनी नियमांचं पुस्तक पुढून मागे आणि मागून पुढे चाळलं. बसू नये असं कुठे लिहिलेलं नव्हतं. एव्हाना सांडून सांडून पाणीही कमरेखाली आलं होतं. आणखी एकच खेप जमण्यासारखी होती.

मोथिबीने हात वर केला, तिचं पूर्ण नाव घेतलं, प्रार्थना एकही शब्द न चुकता म्हटली. मग तिच्या डोळ्यांत पाहून म्हणाला, "आता सोडा, आंटी."

तिने श्वास सोडला. एवढा मोठा श्वास एका माणसात असतो हे एसाक्रोमने त्या दिवशी ऐकलं. पन्नास वर्षांचा होता तो. दोघं एकदम खाली बसले आणि पाणी त्यांच्यावर मिटलं. ना अंगठा, ना कोपर, ना कपड्याचं टोक. चाळीस बायका, दोन साक्षीदार, शाखाध्यक्ष आणि एल्डर इबेक्वे त्या सपाट पाण्याकडे बघत राहिले. म्हाताऱ्या एफुआच्या हातातली काठी गळून पडली.

पाणी फुटलं आणि आंटी अराबा उभी राहिली, एकटीच. तिने इकडेतिकडे पाहिलं, खाली वाकली, पाण्यात हात घातला आणि एल्डर मोथिबीला कॉलरला धरून वर काढलं. शिशाची दोन वजनं झग्यावरून सुटून त्याच्या बुटाच्या नाडीत अडकली होती. तिने त्याला काखेत घेतलं, पायऱ्या चढून वर आली, पाठीवर तीन थापा मारल्या. त्याच्या तोंडातून बरंच पाणी बाहेर आलं.

"पूर्ण," ब्रदर ओटू म्हणाले, आणि त्यांनी टोपी काढली. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. आंटी अराबा काठावर उभी राहून केसांतलं पाणी पिळत होती आणि रडत होती, आणि आपण रडतोय हे कोणी पाहतंय की नाही याची तिला त्या दिवशी मुळीच फिकीर नव्हती. मोथिबी तिच्या पायांशी बसून खोकत तिच्याकडे बघत होता. इतकी मोठी बाई आपण कधी पाहिली नाही, असं त्याला वाटलं, आणि यात वजनाचा काही संबंध नव्हता.

रविवारी प्रार्थना संपल्यावर म्हातारी एफुआ काठी टेकत चॅपलच्या दारात आली. मागे रांगेतल्या आणखी तिघी. आपल्यालाही तुमच्या पुस्तकातलं ऐकायचंय, म्हणाली, आणि पटलं तर बाप्तिस्माही घ्यायचाय. पण एक अट आहे.

"बुडवायला हा पोरगा चालेल," ती म्हणाली. "वर काढायला मात्र अराबा पाण्यात पाहिजे."

शाखाध्यक्ष पुन्हा नियमांचं पुस्तक चाळायला लागले. एल्डर मोथिबीने तेवढ्यात हात वर केला आणि सांगितलं, की आपलीही हीच अट आहे.