साडेचौऱ्याहत्तर मार्कांची साळिंदर

एका जंगलात, मुलांनो, आजारी प्राण्यांपेक्षा आजारावर बोलणारे प्राणी जास्त झाले, तेव्हा तिथे नर्सिंगची शाळा निघाली. मुख्याध्यापिका होत्या शुभ्राबाई बगळे. पांढरा गणवेश त्यांच्या अंगावर जन्मापासूनच होता, त्यामुळे मुलाखतीत त्यांना दुसरं काही विचारलंच नाही.

पूर्वी तिथे पस्तीस मार्कांना पास करत. मग एकदा एका पस्तीसवाल्या सशिणीने हरणाचा उजवा पाय मोडला असताना डाव्याला पट्टी बांधली. हरणाच्या सासरची मंडळी मोर्चा घेऊन आली. शाळेने लगेच उपाय केला. काय म्हणता, पट्टी बांधायला नीट शिकवलं? छे, काहीतरीच तुमचं! पास व्हायला पंच्याहत्तर मार्क लागतील, असं ठरवलं. अर्धा मार्कही वाढवून मिळणार नाही, असं फळ्यावर लिहिलं आणि तो फळा पुन्हा कधी पुसला नाही.

त्या शाळेत सगुणा नावाची साळिंदर शिकत होती. अंगभर काटे, पण हात असा हलका की जखम धुताना रडणारं पिल्लू झोपी जायचं. तिची आई बिळावरून जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवून सांगायची, आमची सगुणा टोपीवाली नर्स होणार. त्या पांढऱ्या टोपीशिवाय रुग्णाला हात लावायची कुणाला परवानगी नव्हती. सगुणा दोनदा नापास झाली होती. तिसरी खेप शेवटची.

निकाल लागला. सगुणाला साडेचौऱ्याहत्तर.

अर्धा मार्क गेला कुठे? प्रश्न होता, रुग्णाला पाणी केव्हा द्यावे? सगुणाने लिहिलं होतं, तहान लागली की. पुस्तकात होतं, वैद्यांचा लेखी आदेश आल्यावर. वैद्य होते घुबड, ते दिवसभर झोपायचे. हे मात्र पुस्तकात नव्हतं.

सगुणा फार रडली. तिने हातापाया पडून विनवण्या केल्या. शुभ्राबाई एका पायावर उभ्या राहून, डोळे मिटून सगळं ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "आज अर्धा मार्क सोडला, तर उद्या अर्धा रोगी सोडावा लागेल." याचा अर्थ कुणालाच कळला नाही, म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या.

सगुणाला शाळेच्या वॉर्डातला रांजण भरायच्या कामावर ठेवलं. आईला कोणत्या तोंडाने भेटायचं, म्हणून ती बिळाकडे फिरकेना. रोज ओढ्यावर जायची, घागरी आणायची, रांजण काठोकाठ भरायची. अठ्ठ्याण्णव मार्कांची मंजुळा पोपटीण टोपी सावरत तिच्यासमोरून फिरायची. मंजुळाला पुस्तक तोंडपाठ होतं, अगदी मागच्या पानावरच्या छापखान्याच्या पत्त्यासकट.

पुढे शुभ्राबाईंच्या मनात आलं, नर्सा पंच्याहत्तरच्या वर आणि रोगी मात्र कुणीही उठावं नि यावं, हे शाळेला शोभत नाही. म्हणून रोग्यांचीही परीक्षा सुरू झाली. तापाला चाळीस मार्क, कण्हण्याला तीस, चेहऱ्याला तीस. पंच्याहत्तर पडले तरच खाट.

एके दिवशी भर उन्हात दंताजी हत्ती धडपडत आला. हा संस्थेचा अध्यक्ष. ऊन लागून त्याची सोंड वाळली होती. मंजुळाने परीक्षा घेतली. तापाला पैकीच्या पैकी. चेहराही बरा पडलेला. पण कण्हणं काही पोटातून येईना. बेरीज झाली साडेचौऱ्याहत्तर.

"नापास," मंजुळा म्हणाली. "नीट आजारी पडून परत या."

अध्यक्ष दाद कुणाकडे मागणार? नियमाखाली सही त्याचीच होती. तो तिथेच रांजणाजवळ कोसळला.

सगुणाने पाहिलं. रुग्णाला हात लावायची तिला बंदी होती. पण हा रुग्ण कुठे होता? हाही नापास, तीही नापास. मार्कसुद्धा तेवढेच! ती हळूच जवळ गेली. "आजोबा, तहान लागली का?" तिने विचारलं. दंताजीने नुसता कान हलवला. तिने त्याला रांजणभर पाणी पाजलं, ओढ्यावरून आणखी चौदा घागरी आणून डोक्यावर ओतल्या. दिवस कलायच्या आत हत्ती पायांवर उभा राहिला.

शुभ्राबाईंनी वहीत नोंद केली, रोगी नापास केल्यामुळे बरा झाला.

दंताजीने मात्र हट्टच धरला, या पोरीला टोपी द्या. वाढीव मार्क देता येत नव्हते, म्हणून शुभ्राबाईंनी तोच एक प्रश्न तिला पुन्हा लिहायला दिला. सगुणाने पाठीवरचा एक काटा उपटून लेखणी केली. तिने लिहिलं, तहान. मग थांबली. तिला आई आठवली. बिळाच्या तोंडाशी बसलेली, कुणालाच काही न सांगणारी. सगुणाने तो शब्द खोडला आणि लिहिलं, वैद्यांचा लेखी आदेश आल्यावर.

पंच्याहत्तर! आईने अख्ख्या जंगलात कंदमुळं वाटली. टोपी काट्यांवर अशी घट्ट बसली की टाचणीही लागली नाही. सगुणाला इतका आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता.

आठ दिवसांनी दंताजीला पुन्हा ऊन लागलं. या खेपेला तो घरून कण्हण्याचा सराव करून आला होता. शहात्तर मार्क. मानाने खाटेवर निजवला. समोर सगुणा दिसली तसा त्याचा जीव भांड्यात पडला.

"पाणी दे गं पोरी," तो म्हणाला.

सगुणाचा हात पुढे झाला. मग तो हात टोपीकडे गेला.

"आजोबा," ती खाली बघत म्हणाली, "घुबडवैद्य उठले की लगेच देते."

दंताजीने तिच्याकडे पाहिलं. मग तो कसाबसा उठला आणि रांजणाशी जाऊन सोंड आत घातली. रांजण कोरडा होता. पाणी भरणारी पास झाली होती ना! तो तसाच झोकांड्या खात ओढ्याकडे निघाला, आणि आदेशाशिवाय खाट सोडल्याबद्दल त्याचे दोन मार्क सगुणाने स्वतःच्या हाताने कापले.

तात्पर्य : आजारी पडलात, तर आधी नर्सचे मार्क विचारा. पंच्याहत्तरच्या वर असतील, तर पाणी घरून घेऊन जा.