दोन मिनिटांचं काम

"नुसती आमंत्रणं तर पाठवायची आहेत. दोन मिनिटांचं काम," सर म्हणाले.

"तुम्ही दोन मिनिटं म्हणालात की माझा अख्खा दिवस जातो," डॉक्टरबाई म्हणाल्या. पण त्यांचा साठावा वाढदिवस शनिवारवर येऊन ठेपला होता, दवाखान्यात दातदुखीवाले गाल धरून बसले होते, आणि संगणकाचं काम नवऱ्याला डावलून केलं असतं तर घरात अबोला झाला असता. सर समाजशास्त्रज्ञ. सर्वेक्षण कसं करावं हे त्यांनी उभा जन्म शिकवलं, लोकांनी दिलेली उत्तरं जपून ठेवणारं एक मोठं संग्रहालय उभं केलं. संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरवर तर त्यांचा असा जीव, की लग्नाचा वाढदिवस विसरतील, पण नवी आवृत्ती कधी आली ते तोंडपाठ. काहीही पुसायचं नाही, प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती तीन ठिकाणी ठेवायच्या, हा त्यांचा धर्म. आणि एकट्यादुकट्याचं उत्तर कधी वाचायचं नाही, हे सोवळं. "माणूस वाचायचा नसतो, सरासरी वाचायची असते," असं ते विद्यार्थ्यांना सांगत.

डॉक्टरबाईंनी तक्ता तयारच ठेवला होता. नाव, फोन, गट, आणि प्रत्येकासाठी स्वतः लिहिलेली एकेक ओळ. गट चार: सासर, शेजार, दवाखाना, माहेर. माहेरसमोर एकच नाव होतं.

"ताईंना बोलावलंयस?" सरांनी चष्मा कपाळावर चढवला.

"रीत म्हणून. नाहीतर जन्मभर म्हणेल, सख्ख्या बहिणीनं विचारलंसुद्धा नाही. यायची नाहीच ती."

कैक वर्षांपूर्वी डॉक्टरबाईंनी ताईंची दाढ काढली होती. दुखत होती ती शेजारची. ताईंचं म्हणणं, धाकटीनं चांगली दाढ उपटली. धाकटीचं म्हणणं, तूच त्या दाढेवर बोट ठेवलंस. त्यानंतर दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या, आणि ताईंनी ती जागा कुणाकडूनही भरून घेतली नव्हती. पुरावा म्हणून तशीच ठेवली होती. सरांना मनातून याबद्दल ताईंचा आदर वाटे.

तर सरांनी आपला जुना, विश्वासू प्रोग्राम काढला. त्याच्या डोक्यावर चार ओळी कायमच्या बसलेल्या होत्या. संग्रहालयात येणाऱ्या प्रत्येक सर्वेक्षणावर त्या चालायच्या. कुणाचं उत्तर कुठलं हे ओळखू येऊ नये, म्हणून एकाच गटातल्या माणसांची उत्तरं त्या आपापसांत बदलून टाकत. डोळ्यांना त्यांची इतकी सवय झाली होती, की सरांना त्या दिसल्याच नाहीत. त्यांनी कळ दाबली. काम खरोखरच दोन मिनिटांत झालं, आणि तिथंच सरांना संशय यायला हवा होता.

पहिला फोन सरांच्या थोरल्या भावाचा आला. ते निवृत्त न्यायाधीश.

"तुझ्या बायकोनं मला लिहिलंय, 'या वेळी तरी अंघोळ करून ये.' मी काय गुन्हा केलाय?"

"दादा, ते... ते तुमच्या चिरंजीवांसाठी असणार."

"चिरंजीव इकडे आरशासमोर उभे आहेत! त्यांना आलंय, 'आपल्यासारख्या वडीलधाऱ्यांनी दोन शब्द बोलावेत ही नम्र विनंती.' सकाळपासून भाषण पाठ चाललंय."

सरांनी प्रोग्राम पुन्हा उघडला. चार ओळी आता अगदी स्वच्छ दिसत होत्या. तेवढ्यात डॉक्टरबाई दवाखान्यातून तरातरा आल्या.

"औषधं पुरवणारे साहेब विचारतायत, 'त्या दिवशी झाडूला हात लावायचा नाही' म्हणजे काय! काय केलंत तुम्ही?"

"गोपनीयता राखली," सर क्षीण आवाजात म्हणाले. "मी सगळ्यांना दुरुस्ती पाठवतो. दोन मि—"

"खबरदार!" डॉक्टरबाईंनी लॅपटॉप मिटला, कपाटात ठेवला आणि किल्ली कमरेला खोचली. मग थबकून हळूच म्हणाल्या, "आणि... ताईला काय गेलं असेल हो?"

सरांनी कपाळाला हात लावला. ताईंच्या वाट्याला अंघोळ गेली असेल, तर दोन्ही बहिणींचं बोलणं या जन्मी व्हायचं नाही, एवढंच त्यांना दिसत होतं.

शनिवारी व्हायचं ते झालं. दर समारंभाला घडीच्या खुर्च्या देणाऱ्या समोरच्या काकांना 'यंदा घरीच ठेवा, कानांना विश्रांती' असं गेलं होतं. कानांचं कोडं त्यांना उलगडलं नाही, पण खुर्च्या घरीच राहिल्या. ती ओळ वरच्या मजल्यावर व्हायोलिन शिकणाऱ्या गृहस्थांसाठी होती. त्यांना 'येताना आणायला विसरू नका, तुमच्यावरच भिस्त आहे' असं मिळाल्यामुळे ते डोळे पुसतच व्हायोलिनसकट आले. सगळे उभे, वर व्हायोलिन. पुतण्यानं वडीलधाऱ्यांच्या वतीनं भाषण ठोकलं. न्यायाधीश ओल्या केसांनी ऐकत होते. पण मग कुणीतरी आपला मेसेज मोठ्यानं वाचला, दुसऱ्यानं आपला, आणि खरा मालक शोधण्याचा असा खेळ रंगला, की हसून हसून लोकांना भिंतीला टेकावं लागलं.

आणि दारात ताई उभ्या होत्या. हातात फोन.

"हे तू लिहिलंस?" त्यांनी तो धाकटीसमोर धरून वाचलं, "'चूक माझीच होती. तू नाही आलीस तर मी केक कापणार नाही.'"

व्हायोलिनसुद्धा थांबलं. डॉक्टरबाई लालबुंद झाल्या.

"ते... ते खालच्या काकूंचं होतं. आमची कुंडी त्यांच्या गॅलरीत पडली होती ना. ह्यांचा घोळ सगळा!"

"अगंबाई, कुंडीसाठी एवढं?" खालच्या काकू भारावल्या.

"कुणाचं का असेना, माझ्याकडे आलंय, आता माझं," ताई म्हणाल्या. मग गाल ओढून ती रिकामी जागा दाखवली. "सोमवारी येते. दाढ तूच बसव. बोट मात्र मी ठेवणार नाही."

डॉक्टरबाई रडत होत्या की हसत होत्या, सांगणं कठीण होतं. केक मात्र दोघींनी मिळून कापला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप परत मिळाला. कुठली ओळ कुणाकडे गेली याची नोंद प्रोग्राम आपोआप ठेवत असे. सरांनी ती उघडली. सासर, अदलाबदल. शेजार, अदलाबदल. दवाखाना, अदलाबदल. माहेर: गटात एकच व्यक्ती, बदल शक्य नाही.

सरांनी ते पुन्हा वाचलं. आयुष्यात पहिल्यांदाच ते एका माणसाचं उत्तर वाचत होते.

आतून डॉक्टरबाईंचा फोनवरचा आवाज येत होता. "अगं ताई, ह्यांच्या त्या सॉफ्टवेअरचा गोंधळ! नाहीतर मी कशाला लिहितेय तसलं?" मग बाहेर डोकावून, "अहो, काय करताय?"

"काही नाही. दोन मिनिटांचं काम," सर म्हणाले आणि त्यांनी ती नोंद पुसून टाकली.

उरलेल्या दोन प्रती शोधता शोधता मात्र दुपार झाली.