जमिनीवरचा पूल

ब्लॅकवॉटर ओढ्यावरचा पूल बांधून पूर्ण झाला आहे, असे अप्पर कॅनडा प्रांताच्या सरकारी दप्तरात वळणदार अक्षरात नोंदलेले होते. फक्त ओढ्याला ते कोणी कळवले नव्हते. तिथे अजून पाइनचा एक आडवा ओंडका होता आणि त्यावरून युफेमियाची सहा वर्षांची मुलगी एल्स्पेथ रोज शाळेत जात होती. पोर पलीकडे पोचेपर्यंत आई काठावर श्वास रोखून उभी. बर्फ वितळायला लागले, ओंडका बुळबुळीत झाला, तशी ती तडक हेक्टर टोल्मींच्या दुकानात गेली.

टोल्मी म्हणजे गावचे दुकानदार, पोस्टमास्तर, दंडाधिकारी आणि कायदेमंडळातले सभासद.

"टोल्मीसाहेब, पूल कुठाय?"

"हा काय!" टोल्मींनी दुकानापुढच्या, पुलासाठी आलेल्या ओक लाकडाच्या भक्कम व्यासपीठाकडे बोट दाखवले. निवडणुकीत पुलाचे आश्वासन ते त्यावरूनच देत.

"अहो, पण हा जमिनीवर आहे!"

"सुरक्षेसाठी, बाई. पाण्यावरचे पूल वाहून जातात. हा सात वर्षांत एकदा तरी गेलाय? कुणी बुडालंय यावरून?"

"मग दुसरा मंजूर करा."

"एक असताना? आधीचा पडायला हवा. पडला असं लिहून द्या, मी पुढं धाडतो."

युफेमियाने लिहून दिले. शिकलेली बाई, अर्ज मुद्देसूद झाला. पोस्टमास्तर टोल्मींनी तो स्वीकारला, दंडाधिकारी टोल्मींनी प्रमाणित केला आणि सभासद टोल्मींनी त्यावर डोळ्यांत पाणी आणून भाषण केले. उन्हाळ्यात नव्या फळ्या आल्या. व्यासपीठाला छप्पर झाले.

पुढच्या वसंतात निवडणूक लागली. मत चारचौघांत, तोंडाने द्यायचे आणि तेही पुरुषांनीच. युफेमिया वाटभर नवऱ्याला पढवत होती. "आज विरोधातलंच नाव घ्यायचं."

"अगं, मग मीठ, बियाणं कुठून आणायचं? दुसरं दुकान बारा मैलांवर!" लॉकलन कुरकुरला.

"चालत जाऊ. मीठ मोठं की पोर?"

लॉकलन व्यासपीठावर चढला. खाली टोल्मी युफेमियाच्या कानाशी आले. "पोरीचा घोर लागतो हो मलाही. व्यासपीठाच्या मागच्या दोन फळ्या सैल आहेत. घेऊन जा. कुणाला बोलू नका."

"मत कुणाला?" कारकुनाने विचारले. लॉकलनने बायकोकडे पाहिले. बायको फळ्यांकडे पाहत होती. चांगल्या लांब होत्या.

"अहो, बघता काय? टोल्मी म्हणा!"

दुसऱ्या दिवशी ओढ्यावर टाकलेल्या त्या फळ्यांवरून एल्स्पेथ कोरड्या पायांनी, उड्या मारत पलीकडे गेली. मागोमाग शेजारच्या मॅकआयझॅकांच्या जुळ्या मुली आल्या. युफेमियाने धावत जाऊन फळ्या ओढून घेतल्या.

"आमच्या आहेत गं या. तुमच्या आईला म्हणावं, टोल्मीसाहेबांकडे अर्ज कर. माणूस देव आहे, मागता आलं पाहिजे."

मुली एकमेकींचा हात धरून ओंडक्यावर चढल्या. युफेमिया काठावर थांबली नाही. तिची ओटची भाकरी चुलीवर होती.

प्रत्येकाच्या चुलीवर काही ना काही असतेच.