मुक्काम किती?

आमच्या शेजारी हवालदार अप्पा राहायचे. नवा माणूस दिसला की त्यांची चौकशी सुरू. "नाव? गाव कंचं? मुक्काम किती?" आमचा जावई पहिल्या दिवाळीला आला, तर त्याला दारातच धरलं. तो बिचारा खाकी बघून घाबरला आणि "दोनच दिवस" म्हणून बसला. तिसऱ्या दिवशी खरंच निघाला हो! आठवडाभराचे लाडू वळले होते मी. शेवटी अप्पांनीच संपवले.

लातूर जिल्हा तेव्हा नवा झाला होता. जिल्हा नवा, पण पाणी कुठंच नाही. आमच्या मुरुडात टँकर यायचा. आम्ही बाया पहाटे घागरी ओळीत लावून घरी जायचो. माणसाऐवजी घागर उभी. परकी घागर मध्ये दिसली की तिला लाथ बसलीच.

त्याच साली झुबेदाबीची चौकशी निघाली. ही आमच्याच गल्लीत जन्मलेली. लग्न होऊन कराचीला गेली, नवरा वारला, मूलबाळ नाही, म्हणून भावाकडे परत आली. पण पासपोर्ट तिकडचा. राहायची मुदत दर वेळी वाढवून घ्यावी लागायची. जिल्हा नवा, म्हणून चौकशीही नव्यानं. पोलिसांचा अहवाल वाकडा गेला तर बाई परत कराचीला. आणि तिथं तिचं कुणी उरलं नव्हतं.

अहवाल करणार कोण, तर अप्पा.

"अप्पा, लिहून टाका की, चांगली बाई हाय म्हणून."

"वैनी, चांगली-वाईट माझ्या खात्यात न्हाई. चौकशी म्हंजे चौकशी."

असा कोरडा माणूस! मी त्यांचा सकाळचा चहाच बंद केला.

मग एक दिवस झुबेदाबीच्या चौकशीला जीपमधून तरुण साहेब आले, नेमके टँकरच्या वेळेला. "या बाईला इथं ओळखतं कोण?"

अप्पा ताठ उभे. "सायब, ती पोचे पडलेली घागर जरा बाजूला घ्या बघू."

साहेबांनी घागर उचलली मात्र, बाया चारी बाजूंनी धावल्या.

"ओ सायब! ठिवा खाली!"

"झुबेदाबीचा नंबर हाय त्यो!"

गिरजाबाईचं आणि झुबेदाबीचं आदल्याच दिवशी कडाक्याचं वाजलं होतं. पण गिरजाबाईनंच घागर हिसकावून जागेवर आदळली. "जीपमधून यायचं अन् गरिबाचा नंबर मोडायचा व्हय?"

अप्पांनी सलाम ठोकला. "झाली चौकशी, सायब."

साहेबांना हसू आवरेना. मुदत वाढून आली. अप्पांचा चहाही सुरू झाला.

मग झुबेदाबी एकदा मला म्हणाली, "भाभी, अप्पा की घागर कभी दिखती नहीं लाइन में."

खरंच की! बायको गेल्यापासून अप्पा ठाण्याच्या माठावरच तहान भागवायचे. घरी नुसते झोपायला यायचे. साऱ्या गावाला मुक्काम विचारणारा हा माणूस!

त्यांच्या घराची किल्ली माझ्याकडेच असायची. फळीवर बायकोची पितळी घागर पालथी पडली होती, तिचं नाव कोरलेली. मी ती चिंच लावून लखलखीत घासली, आणि पहाटे झुबेदाबीनं ती ओळीत आपल्या घागरीच्या पुढं लावली.

सकाळी अप्पा आले. सवयीनं काठी टेकवली. "ही नवी कुणाची? गाव कंचं?" वाकले. नाव वाचलं.

मागून झुबेदाबीनं हळूच विचारलं, "मुकाम कित्ता, अप्पा?"

अप्पांनी टोपी काढून काखेत धरली. "ऱ्हातो आता," म्हणाले, आणि घागरीमागं ओळीत उभे राहिले.